गेंदी जिथे थांबते

घाट संपतो तिथे आता चौपदरी डांबर आहे. मधोमध सिमेंटचा दुभाजक आणि दुभाजकात कुणीतरी लावून विसरून गेलेली कण्हेर. त्या कण्हेरीच्या अलीकडच्या पदरात, पांढरा तुटक पट्टा आहे ना, तिथे आमचा देव होता. गळा काढून सांगत नाही. जागा दाखवते आहे.

दसरा होऊन गेलाय. मी रस्त्याच्या काठाला हातात लाल फडकं घेऊन उभी आहे. वरच्या वळणावरून माय गेंदीला घेऊन उतरणार आहे. गेंदी आमची घोडी. गाभण आहे. आज तिला हा रस्ता ओलांडून पलीकडच्या काळ्या रानात न्यायचंय, आणि ती रस्त्याच्या मधेच थांबणार आहे. हे आम्हाला ठाऊक आहे, तिला ठाऊक आहे. परळीच्या वीजकेंद्रातून राख भरून येणाऱ्या टिपरवाल्यांना ठाऊक नाही.

वाऱ्याबरोबर डोंगरातून सीताफळाचा वास खाली येतोय. दुरून गोड, जवळून जरा आंबूस. या वासाला माझ्या मनात उंची आहे. तो मला नेहमी घोडीच्या पाठीवरूनच आला. जमिनीवर उभं राहून घेतला की काहीतरी कमी पडल्यासारखं वाटतं.

आम्ही मेंढरंवाले. पावसाळा धारूरच्या वरच्या माळावर काढायचा आणि दसरा झाला की खाली सिरसाळ्याच्या बाजूला उतरायचं. तिकडचे शेतकरी मोकळ्या झालेल्या रानात मेंढरं बसवून घेतात, जमिनीला खत होतं. गडी मेंढरं घेऊन कापलेल्या रानांतून चरत चरत येतात. बाया घोड्यांवर संसार लादून वाटेनं पुढे जातात आणि मुक्कामाला चूल पेटवून ठेवतात. माझा आबा कायम मागे, माय कायम पुढे. लहानपणी मला वाटायचं सगळ्यांचेच आई-बाप असे एकमेकांपासून डोंगराएवढे लांब चालत असतील.

तेव्हा घोडी होती चंद्री, गेंदीची आई. तिच्या पाठीवर आधी खोगीर, त्यावर घोंगड्या, पीठ-मिठाची गाठोडी, दोन्ही बाजूंना हांडे, हांड्यांच्या वर कोंबड्यांचं खुराडं, पिशवीतून मान बाहेर काढलेली नवी कोकरं, आणि सगळ्यांच्या वर मी. माय मला जुन्या लुगड्याच्या पट्ट्यानं ओझ्याला बांधायची. आज कुणी फोटो काढून टाकला तर लोक म्हणतील काय हाल लेकराचे. हाल काय बे! त्या उंचीवरून सगळा डोंगर माझा होता. फुलायला आलेली पिवळसर तूर, कापसाच्या फुटलेल्या बोंडांचं रान, सोयाबीनच्या मळणीचा उडणारा भुसा आणि त्या भुशानं नाकात येणारी खाज. खाली कोंबडी कुरकुर करायची, वर मी गुणगुणायची आणि चंद्री दोघींकडे लक्ष न देता शेपटीनं माशा वारायची.

वाट अरुंद होती. तिला तिचं शिस्तीचं चालणं होतं, ते कुणी शिकवत नव्हतं, पाहून यायचं. उभ्या पिकाच्या कडेनं जाताना कुत्रं घोडीच्या पुढे जाता कामा नये. शिंगरू आणि घोडीच्या मधे माणसानं यायचं नाही, अगदी कौतुकानंही नाही. गावाजवळ आलं की कुत्र्यांना गळ्यात दोर, कारण गावची कुत्री माज करतात आणि आमचीही काही संत नाहीत. आणि मुक्कामाला पोचलं की भाकरीच्या आधी कुसळं. या दिवसांत गवत वाळून त्याची कुसळं होतात, ती कुत्र्याच्या बोटांच्या बेचक्यात शिरली की आत आत चालत जातात आणि पाय सुजून येतो. माय चुलीच्या उजेडात झिपरीचे पाय मांडीवर घेऊन एकेक बोट फाकवायची. झिपरी आमची कुत्री, मी मोठी झाल्यावर आलेली, करड्या केसांची, गळ्यात लांडग्यासाठी काटेरी पट्टा. लांडग्याला न भिणारी ती बाई कुसळं काढताना मात्र तोंड वळवून बसायची, दवाखान्यात सुई टोचताना माणसं बसतात तशी.

“बग, बग कशी लाजायली,” माय म्हणायची. “आगं, तुझाच पाय हाय, माझा न्हाई.”

त्या चुलीचा धूर, ओल्या घोंगडीचा वास, घोडीच्या घामाचा वास आणि वर सीताफळांचा. कुत्रीसुद्धा सीताफळं खायची. खाऊन बिया नीट थुंकायची नाहीत, एवढाच त्यांच्यात आणि माझ्यात फरक होता. आणि मी तरी कुठे थुंकायची.

घाट उतरला की लिंब यायचा, जुना कडुनिंब. त्याखाली बिरोबाचं ठाणं, म्हणजे एक गुडघाभर दगड, वर्षानुवर्षांच्या भंडाऱ्यानं पिवळाजर्द. तिथे सगळ्यांनी थांबायचं. ही थांबण्याची रीत घरात जशी उंबऱ्याला थबकून आत जातात तशी होती. आधी देवाला हळद, मग घोडीच्या कपाळाला, मग कुत्र्यांच्या, मग माणसांच्या. घोडीला गुळाचा खडा. बाया उतरलेल्या घाटाकडे एकदा वळून बघायच्या. कुणी वाटेत म्हातारी राहिली असली तर ती येईपर्यंत कुणी हलायचं नाही. मला खाली उतरवलं जायचं आणि उतरल्या उतरल्या जग एकदम बुटकं व्हायचं.

गेंदी दसऱ्याच्या दिवशी जन्मली. दारात झेंडूच्या माळा होत्या, आमच्याकडे झेंडूला गेंदा म्हणतात, म्हणून ती गेंदी. तिचा पहिला मोठा प्रवास याच वाटेवरचा, आईच्या पोटाला खेटून. आई लिंबाखाली थांबली, ती थांबली. आईला गूळ मिळाला, तिनं आईचे ओठ चाटले. तिची शाळा तेवढीच झाली.

पुढे मी आश्रमशाळेत गेले, मग शहरात शिकायला, मग चळवळीत. पत्रकं लिहायला शिकले. पत्रक लिहिताना आम्हाला सांगतात, वाक्य छोटं ठेव, रडू नकोस, मागणी स्पष्ट कर. मी रडत नाही. पण मधल्या काळात, मी नसताना, मोठं पिवळं यंत्र आलं आणि लिंब गेला. दगड उचलून पलीकडे शेताच्या बांधावर ठेवला गेला. त्याला सिमेंटचा चौथरा केला, वर पत्रा टाकला, समोर नारळ फुटला. आमच्या माणसांनी तिथे जाऊन नमस्कार केला. कुणी भांडलं नाही. माणसं अशी सोशिक की राग यावा. देव पन्नास पावलं सरकला, त्याच्याबरोबर माणसंही सरकली. घोडी सरकली नाही.

तिला कोण सांगणार? तिच्या पायांखाली डोंगर संपला, उतार सपाट झाला, की तिथे थांबायचं. मग तिथे लिंब असो नाहीतर सुसाट येणारं टिपर.

गेल्या वर्षी ती अशीच थांबली. माय लगाम ओढत होती. झिपरी गाडीवर भुंकत पुढे धावली, जशी ती लांडग्यावर धावायची. एवढंच लिहिते. संध्याकाळी कुसळं काढायला पाय नव्हते म्हणून माय हात मांडीवर ठेवून नुसती बसून राहिली होती. तिच्या बोटांना काम सापडेना.

त्यानंतर मी पत्रक काढलं. वाटेची मागणी. एक, घाटाच्या पायथ्याला गाड्या हळू करणारे उंचवटे. दोन, आमच्या येण्याजाण्याच्या दिवसांत फलक. तीन, पिकाभोवती रानडुकरांसाठी वीज सोडलेल्या तारा बंद करा, त्यात कुत्री मरतात, उद्या लेकरू मरेल. चार, रस्त्याखालची मोरी एवढी उंच करा की ओझ्यासकट घोडी जाईल. हे घेऊन मी कार्यालयात गेले. तिथले साहेब वाईट नव्हते. चहा मागवला.

“मेंढरं जातात ना मोरीतून?” त्यांनी विचारलं.

“मेंढरं जातात. घोडी जात नाही.”

“घोडी कोण वापरतं हो आता?”

मी म्हणाले, “आम्ही.”

ते माझ्या पायातल्या बुटांकडे बघून हसले. खरंच गमतीनं हसले. मी चहा तसाच ठेवून उठले. चहाचा काय दोष होता? पण उठले.

यंदा आबाचं म्हणणं होतं, गेंदीला टेम्पोत घालू. माय म्हणाली, “गाभण हाय ती. टेम्पोत पाय घसरला तर शिंगरू बी जाईल अन् ती बी. मला न्हाई चालायचं.” दुसरीकडून ओलांडावं तर दूरपर्यंत लोखंडी कठडा, आणि जिथे कठडा संपतो तिथे तारांचं रान. दुभाजकाला तोंड आहे ते नेमकं इथेच, जुन्या वाटेवर. म्हणजे रस्ता करणाऱ्यांनाही वाट दिसली होती. वाटेवरचे आम्ही तेवढे दिसलो नव्हतो.

काल मी वर मुक्कामावर पोचले तेव्हा पिशवीतून चमकणारी पट्टी काढली आणि गेंदीच्या खोगिराला शिवली. नव्या कुत्र्याच्या, भुऱ्याच्या, गळ्यात नारंगी पट्टा. भुऱ्या झिपरीचाच, शेवटच्या वेतातला. मायसाठी रस्त्यावर काम करणारे घालतात तसलं नारंगी जाकीट आणलं होतं. तिनं ते दोन बोटांनी उचललं.

“ह्ये घालून म्या काय खडी टाकायला जाऊ?”

“घाल माय. लांबून दिसतं.”

“लांबून मी दिसले अन् जवळ आल्यावर त्याला थांबायचंच नसलं तर?” तिनं विचारलं. मग घातलंही. लुगड्यावरून ते तिला ढगळ झालं. आबा बिडी विझवत म्हणाला, “लई साजरी दिसायलीस. परळीच्या टेशनात हमाल भरती हाय, बगावं का?”

“तुमी आधी मेंढरं सांभाळा. म्हणं हमाल!”

हसलो. मला आठवतं, आमच्यात असंच हसतात. मोठी भीती असली की लोक छोट्या गोष्टीवर हसतात आणि मोठीला हात लावत नाहीत.

आणि आता वळणावर नारंगी ठिपका दिसतोय. त्याच्यामागे गेंदी. ओझं यंदा हलकं आहे, घोंगड्या, हांडे, खुराडं. वर बांधलेलं लेकरू नाही. घरात तेवढं लहान कुणी राहिलंच नाही. मेंढरं वर थांबवलीत, आबाची शीळ ऐकू येते. भुऱ्याला दोर आहे, दोर माझ्या कमरेला.

काठावर आम्ही सगळं करून घेतो. माझीच कल्पना. अलीकडेच भंडारा लावू, अलीकडेच गूळ देऊ, म्हणजे तिला वाटेल झालं थांबून. माय तिच्या कपाळाला हळद लावते. गेंदी गूळ खाते, ओठ फडफडवून आणखी मागते, आणखीही खाते. मी फडकं उंच धरून रस्त्यात उतरते. दोन टिपरं जातात, राखेचा पडदा खाली बसतो. मोकळा रस्ता दिसताच ओरडते, “चल माय!”

चार पावलं. सहा. आणि पांढऱ्या तुटक पट्ट्यावर गेंदी थांबते.

काठावरचा गूळ खाऊन, हळद लावून घेऊन, तरी थांबते. कान पुढे, मान खाली. माय लगाम ओढते. “चल बाई. चल माजी लेक. न्हाई ग देव हितं. गेला तो तकडं.” गेंदी डोळे मिटते. लिंबाच्या सावलीत मिटायची तसेच.

उन्हात डांबर चकाकतंय. वळणावरून काहीतरी मोठं येतंय, हॉर्न आधी येतो. मी फडकं हलवत त्याच्या दिशेनं पळते. भुऱ्या भुंकत दोर ताणतो, कंबर काचते. ट्रॅक्टर आहे, मागे दोन ट्रॉल्या. ट्रॉल्यांत माणसं. ऊसतोडीला निघालेली टोळी, भांडी, कोयते, शेळ्या, खाटा, टपावर बांधलेल्या सायकली, ओझ्यात बसवलेली लेकरं. ड्रायव्हर ब्रेक दाबतो. ट्रॉल्या एकमेकींना ढुशी देतात आणि सगळं धूड दोन्ही पदर अडवून तिरकं उभं राहतं.

“मरायचंय का बे तुमाला!” ड्रायव्हर खाली झुकून ओरडतो. पोरगाच आहे, पण घाबरून चेहरा पांढरा. “घोडी हाय का खांब?”

“खांबच समज,” मी ओरडते. “खांबाला वळसा घालतोस ना? घाल!”

मागे हॉर्नांची रांग लागते. ट्रॉलीतून एक बाई उतरते, वय माझ्या मायएवढं, डोक्याला फडकं, हाताच्या तळव्यांना जुने घट्टे. ती मला विचारत नाही, सरळ मायकडे जाते.

“कावून थांबायली वं ही?”

“देव व्हता हितं,” माय म्हणते. तिचा आवाज आता फाटलाय. “हिला अजून हाय असं वाटतंय.”

“मग लावा की हळद.”

“लावली. गूळ बी दिला. हलंना.”

बाई गेंदीभोवती एक फेरी मारते. पाठीवर हात टेकवते. “ओझं बगा की तुमचं. मानंवर आलंय सगळं.”

माय बघते. मीही बघते आणि एकदम मला त्या लिंबाखालचा एक आवाज आठवतो, जो मी इतकी वर्षं विसरलेच होते. दोरीचा करकरणारा आवाज आणि दोन बायांचं एकदम “हूं” म्हणणं. उतारावर ओझं मानेकडे सरकतं. घाट संपला की ते मागे ढकलून पोटाखालचा तंग, म्हणजे खोगिराची दोरी, दोन्हीकडून आवळावा लागायचा. दोघी लागायच्या, एक इकडे, एक तिकडे. देवाला हळद, घोडीला गूळ आणि मग हे. आम्हाला देव लक्षात राहिला. तंग कुणाच्या लक्षात राहिला नाही. तिच्या मानेवर तर ओझं दर उताराला येतंय.

“मी धरते,” बाई म्हणते. “मोळ्याच आवळत्याव जल्मभर.”

दोघी ओझ्याला खांदा लावून मागे रेटतात. खुराड्यातल्या कोंबड्या बोंबलतात. बाई पलीकडून वाकते, पोटाखालून तंग घेते.

“जपून,” माय म्हणते. “पोटात हाय तिच्या.”

“दिसतंय मला. चार येळा बाळंत झालेय मी बी.” बाई दोरीवर हलका, पक्का हिसडा देते. “हूं.”

“हूं,” माय इकडून म्हणते.

गेंदी मोठा श्वास सोडते. ओठ फडफडतात.

“आता आमच्या कपाळाला बी लावा जरा,” बाई म्हणते. “आमी बी घर सोडूनच चाललाव.”

माय पिशवीत हात घालते. बाईच्या कपाळाला हळद. ट्रॉलीतून एकीनं लेकरू खाली दिलं, त्याच्या कपाळाला. आणखी दोघी. मागचे हॉर्न ओरडताहेत. माझ्यातली पत्रक लिहिणारी म्हणते, हे काय चाललंय, हा महामार्ग आहे, लवकर बाजूला व्हा. मला ते मोठ्यानं म्हणवत नाही. ड्रायव्हर पोरगा मान वळवून मागच्या टिपरवाल्याला हात दाखवतो. मग गेंदीकडे बघतो, तिचे कान हॉर्नानं मागे पुढे होताहेत ते बघतो, आणि ट्रॅक्टर बंद करतो. कुणी सांगितलं नव्हतं. त्याच्या मागचाही बंद करतो. त्याच्या मागचाही.

या रस्त्यावर असली शांतता मी कधी ऐकली नव्हती. ती टिकणार नाही. उद्या दुसरे कळप उतरतील, परवा आणखी, आणि दरवेळी एखाद्या घाबरलेल्या पोराला ब्रेक वेळेवर सापडेल असं नाही. म्हणून मी कार्यालयात पुन्हा जाणार आहे, चहा न घेता. पण ते नंतर.

माय लगाम सैल सोडते. ओढत नाही.

गेंदी पाय उचलते. टाप डांबरावर वाजते. टक. टक. दुभाजकाच्या तोंडातून पलीकडच्या पदरात, तिथलीही वाहनं कसली गर्दी म्हणून थांबलेली. मी फडकं खाली केलेलं नाही, पण आता रस्त्याकडे बघतही नाही. डोळे मिटून ऐकते. टक. टक. टक.

मग आवाज येईनासा होतो. तिच्या पायांखाली माती लागली.